पाटी फिरवायची राहिली

त्या वर्षी पुण्याच्या आमच्या हँगरमध्ये शिकाऊ विमानांतले संकटाचे जुने डबे काढून नवे बसवायचं काम माझ्याकडे होतं. विमान आपटलं की शेपटीतला हा डबा आपोआप हाक मारतो. जुना नुसताच बोंबलायचा. नवा उपग्रहाला विमानाचा नंबरही सांगायचा. तो नंबर आम्ही भरायचो.

शनिवारी सकाळी दोन सारख्याच विमानांच्या डब्यांत नंबर भरले, वर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, चहा घेतला, डबे बसवले, सही ठोकली आणि भोरची एसटी धरली. अम्मी जेवायची थांबणार होती.

कापूरहोळला एक बाई गाडीत चढेना. "पाटीवर तर स्वारगेट लिवलंय," म्हणाली.

"भोरलाच चाललीया वो! पाटी फिरवायची राहिली," कंडक्टर ओरडला.

सगळे हसले. मला मात्र सकाळचे डबे आठवले. चहाची किटली ठेवायला मीच ते डबे सरकवले होते. नंतर उचलताना वरची चिठ्ठी वाचली होती का? छे, काही केल्या आठवेना.

चार वाजता त्या दोन विमानांतलं एक घेऊन एक शिकाऊ मुलगी एकटीच वेल्ह्याच्या डोंगरांकडे जाणार होती. ती पडली, तर दुसऱ्याच विमानाचा नंबर येणार. शोध घेणाऱ्यांचा हँगरला फोन येणार, कुणीतरी मान वळवून म्हणणार, "ते तर इथंच उभं आहे." संपला शोध!

हँगरचा फोन कुणी उचलेना. मी उतरलो.

"अवो, तिकीट भोरचं हाय की!"

"असू द्या हो!" मी त्या बिचाऱ्यावर उगाच डाफरलो. पुण्याकडे निघालेला कांद्याचा टेम्पो मिळाला. वाटेत ड्रायव्हर चहाला थांबायला लागला, तर त्यालाही म्हटलं, "बाबा, चहाचं नाव काढू नकोस."

पोचलो तेव्हा मुलगी विमानाभोवती फिरून तपासणी करत होती. मी शेपटीचं झाकण उघडलं. चिठ्ठीवर नंबर दुसऱ्याच विमानाचा!

"काय झालं, काका?"

पाना विसरलो, असं खोटंच ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, "चुकलो, पोरी. डब्यांची अदलाबदल केली मी. तू पडली असतीस, तर तुला कुणी शोधलंच नसतं."

मी डबे बदलले. तिनं चिठ्ठीवरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचला.

"आता मलाच शोधतील ना?"

"हो."

ती परत उतरेपर्यंत मी उन्हात उभाच होतो. अम्मी जेवायची थांबलीय, हे मला त्यानंतर आठवलं.