जाऊ मॅडम झाली तेव्हा

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे मी आखायचे. धाकटी जाऊ पितांबरं रंगवायची. जिते गावाहून आम्ही दोघी एकत्रच निघायचो, पण कारखान्यात मान माझा होता. गिऱ्हाईक आधी डोळेच बघायचं.

मग प्लास्टरच्या मूर्तींचे सरकारी नियम सारखे बदलू लागले. मालकाने मूर्ती कमी केल्या, बायकाही कमी केल्या. त्याच सुमारास रोह्याला बायकांसाठी सरकारी कोर्स निघाला, कंपनीतली मशीन चालवायचा. जावेनं लगेच नाव दिलं. मी म्हटलं, "आठ दिवसांत परत येशील गो."

ती आली नाही. निळा कोट, जाड बूट घालून ती पहिल्या शिफ्टला निघाली, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "सायबीण दिसते बघ!" इतकी वर्षं मी रंगलेल्या हातांनी घरी येत होते, मला कधी कोणी काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी माझी भाजी करपली.

पुढे दीर-जावेनं रोह्याजवळ वरसे गावात खोली घेतली. माझं काम मात्र वर्षातून चार महिन्यांवर आलं. शेवटी मीही कोर्सला गेले, तिला न सांगता. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आज कंपनीतल्या मॅडम शिकवतील." दारातून आत आली ती माझी जाऊ.

सगळ्या तिला मॅडम म्हणून विचारत होत्या. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. न विचारताच मी बटण दाबलं आणि मशीनवरचा लाल दिवा लागला.

"ताई, इचारायचं ना गो!" ती सगळ्यांसमोर म्हणाली. बायका हसल्या. कानशिलं तापली माझी.

जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन शेजारी बसली. मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "मला नाय वाटायचं काय? लोक तुझे डोळे बघायचे. माजं पितांबर कोन बघायचं?"

मी तिच्या डब्यातली भाकरी घेतली आणि खाल्ली.

आता मी त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. ती वरच्या मजल्यावर, एसीत, कंप्युटरसमोर. काचेतून दिसते आणि अजून पोटात दुखतं. परवा कंप्युटरच्या कोर्सची नोटीस लागली. मी लगेच नाव दिलं. तिला कळलं, तशी ती खाली येऊन यादीतलं माझं नाव दोनदा वाचून गेली. मला फार बरं वाटलं.