एका नावाचा कॉम्प्युटर

ती घटना आजही आठवते, कारण तीत मी हरलो. घरी मुलींना नोकरीतले किस्से सांगताना शेवटी मी चोर पकडतोच. हा किस्सा निघाला की मात्र मला पाणी प्यायला उठावेसे वाटते. बायको म्हणते, "बसा, पुरा करा."

ऐंशीचे दशक सरत आले होते आणि मी पांढुर्ण्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. गावात संत्रा बागाईतदारांची एक लहानशी संस्था होती. रेल्वेच्या वॅगनमध्ये कोणाचा माल कोणत्या दिवशी चढायचा, त्याचे नंबर ही संस्था लावायची. तोडलेल्या संत्र्याला वाट पाहता येत नाही, म्हणून हंगामात नंबरावरून मालधक्क्यावर हाणामाऱ्या होत. अशाच एका बंदोबस्ताचे बोलायला मी संस्थेत गेलो, तर तिथे नागपूरचा एक विक्रेता कॉम्प्युटरची माहिती देत होता. मलाही खुर्ची मिळाली, चहा मिळाला.

ऑफिसात सचिव, एक बाबू आणि टायपिस्ट अशी तीन टेबले होती. तीन सुटे कॉम्प्युटर घ्यायचे आणि फ्लॉपी या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची, हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग म्हणजे मागच्या खोलीत एक मोठे यंत्र ठेवायचे आणि तिन्ही टेबले तारेने त्याला जोडायची, म्हणजे नंबरांची यादी एकच राहील आणि तिघांना दिसेल. कोणी, किती वाजता यादी बदलली, तेही यंत्र लिहून ठेवील. मात्र प्रत्येकाचे नाव आणि पासवर्ड वेगळा हवा, असे विक्रेता दोनदा म्हणाला.

मोठे यंत्र सगळ्यांना आवडले, वेगळी नावे सचिवांना आवडली नाहीत. "तीन पासवर्ड कोण ध्यानात ठेवीन? साहेब, तुम्हीच सांगा."

कॉम्प्युटर मी त्याआधी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. तरी सांगितले. "आमच्या मालखान्यात जप्तीचा माल असतो. त्याची एकच किल्ली अन् एकच मुन्शी. माल गेला तर कोणाची गचांडी धरायची, ते आधीच ठरलेलं."

सगळे हसले. टायपिस्ट हसला नाही. सकाळी ऑफिस तोच उघडायचा, म्हणून यंत्रात एकट्या त्याचेच नाव आणि पासवर्ड ठेवायचे ठरले.

पुढच्या हंगामात मालधक्क्यावरच्या एका हमालाने मला बाजूला घेतले. "साहेब, फळ्यावर सकाळी एक नंबर अन् संध्याकाळी दुसरा होऊन राहिला." दोन दिवसांनी तिगावचा एक लहान बागाईतदार तक्रार घेऊन आला. त्याचा नंबर तीन दिवस मागे ढकलला गेला होता आणि पेट्यांतून पाणी गळू लागले होते. मी संस्थेतून यंत्राचा कागद मागवला. मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी यादी बदललेली, समोर टायपिस्टचे नाव. इतका सोपा तपास मी आयुष्यात केला नव्हता.

टायपिस्ट तिशीचा, बौद्ध कुटुंबातला, शेतमजुरी करणाऱ्या बापाचा घरात पहिला शिकलेला मुलगा. सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू म्हणून त्याची निवड झाली होती. वयाच्या अटीत बसणारी ती त्याची शेवटची संधी. पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती, आणि तो फॉर्म माझ्याच टेबलावर होता.

मी विचारले, "मंगळवारी दुपारी कुठं होता?"

"इथंच होतो, साहेब. तुमच्या ठाण्यात. त्या बाकावर."

मला वाटले, हा माझी थट्टा करतोय. "ठाण्यात बसून नंबर बदलवला का बे?" हवालदार खो खो हसला.

"नाही साहेब. तुमची वाट पाहून राहिलो होतो."

दोन दिवस मी त्याला बोलावले. दोन्ही दिवस त्याने तेच उत्तर दिले, त्याच शब्दांत. खोटा माणूस दर वेळी थोडे वेगळे सांगतो, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या वेळी मात्र त्याच गोष्टीला मी मुजोरी म्हटले. फॉर्मवर 'गुन्ह्यात संशयित, तपास सुरू' असा शेरा मारला आणि छिंदवाड्याला जिल्हा कचेरीत पाठवून दिला.

आठवड्याने ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या मुन्शीने पडताळणीचे रजिस्टर सहीला आणले आणि एका ओळीवर बोट ठेवले. मंगळवार. टायपिस्टची सही. आला दुपारी एकला, गेला साडेचारला. शेरा, 'साहेब जामसांवलीला बंदोबस्तावर, पुन्हा बोलावले.'

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही रजिस्टर मागितलंच नाही, साहेब."

मी मान वर केली. मुन्शीच्या खुर्चीमागे खिळ्याला मालखान्याची ती एकच किल्ली लटकत होती. कोणीही हात घालून घ्यावी अशी. मी ती रोज पाहत होतो.

संस्थेत जाऊन पहिल्यांदाच विचारले की पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे. तिघांनाही होता. टायपिस्ट सकाळी यंत्र उघडायचा आणि दिवसभर तिन्ही टेबले त्याच्याच नावाने चालायची. त्या मंगळवारी दुसरा बाबू रजेवर होता, ऑफिसात एकटे सचिव. साडूची संत्री पुढे काढली, हे त्यांनी अर्ध्या तासात कबूल केले. त्यांचा राजीनामा झाला, तक्रारदाराशी समझोता झाला. सचिव पुढेही लग्नाकार्यात भेटत, नमस्कार करीत.

नवा अहवाल घेऊन मी स्वतः छिंदवाड्याला गेलो. तिथल्या बाबूने फाइल उघडून दाखवली. निवड यादीतला पुढचा उमेदवार त्याच्या जागी चार दिवसांपूर्वी रुजू झाला होता.

अहवालाची नक्कल टायपिस्टला द्यायला गेलो, तेव्हा तो त्याच टेबलावर होता. आता यंत्रात तीन नावे झाली होती. मी चूक झाली म्हणालो. त्याने कागद शांतपणे वाचला.

"साहेब, हा मला आज दिला, असं यावर लिहून द्या. वेळ टाकून."

जबाबदार कोण, हे आधी ठरवून ठेवले की केले कोणी, हे शोधायचा आळस येतो. एवढे शिकायला मला दुसऱ्याची नोकरी लागली. मी घड्याळ पाहिले, वेळ लिहिली आणि खाली सही केली. त्याने ती वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली, मगच कागदाची घडी घातली.