जव्हार ते बोईसर, बाबांच्या गाठीसाठी

प्रवासवर्णन लिहावे इतका लांब मी गेलेलो नाही, याची आधीच क्षमा मागतो. जव्हारजवळच्या आमच्या पाड्यावरून एसटीने पालघर, तिथून बोईसर. कामासाठी अर्धा पाडा दरवर्षी तिकडे जातो आणि त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि वार्षिकांकासाठी पाहिलेले लिही असे सरांनी सांगितले, म्हणून धाडस करतो.

बाबा तारापूरच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांचे प्रेशर अचानक उसळायचे, छाती धडधडायची, बसल्या जागी घाम फुटायचा. तपासणीत मूत्रपिंडावरच्या लहानशा ग्रंथीत गाठ दिसली. ती साधी की कॅन्सरची, हे काढून तपासल्यावरच कळणार होते. आई शेतातला भात सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून मी निघालो.

पालघरच्या रुग्णालयात मुंबईहून येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला शेजारी बसवून चित्र काढून दाखवले. पोटाची पिशवी पुढे, तिच्या मागे पाठीला लागून एक अरुंद जागा, आणि गाठ त्या जागेत. बाबांचे पोट तरुणपणी एकदा फाडलेले असल्याने आत सगळे चिकटलेले असणार. म्हणून पोटाला हात न लावता पाठीकडून तीन लहान भोके पाडायची, एक छोटा फुगा फुगवून आत जागा करायची आणि कॅमेऱ्याने बघत गाठ सोडवायची.

बाबांनी विचारले, “फुगा आतच फुटला तं?”

“तर दुसरा आहे माझ्याकडे,” मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा हसले.

पण एक अट होती. गाठीमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या नव्या गोळ्यांनी सैल होणार होत्या. त्या भरून राहाव्यात म्हणून बाबांनी भरपूर पाणी प्यायचे आणि मीठ वाढवायचे. नाहीतर गाठ निघताच प्रेशर एकदम कोसळेल. तयारी नीट झाली नाही, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार.

बोईसरजवळ सालवडला बाबांची भाड्याची खोली आहे, तिथे मी खारट डाळ केली. बाबांनी ताट सरकवले. प्रेशर वाढल्यापासून त्यांनी मीठ विषासारखे टाळले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी पुन्हा सगळे समजावले, तर म्हणाले, “तू बीए करतोस, डाक्टरी नाय.”

शेवटी वाटले, खारवलेले मासे त्यांना आवडतात, ते तरी खातील. त्यांच्या गल्लीत मासे विकणाऱ्या मावशी जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूर गावच्या, पण त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या. म्हणून त्यांच्याकडे जायला मी बोईसरला शेअर रिक्षात बसलो, पण पाठीवरची पिशवी बघून चालकाने मला कामगार समजून वाटेतल्या एका कारखान्याच्या फाटकाशीच उतरवले. “शिफ्ट छूट जाएगी, भागो,” असेही म्हणाला. पुढे बरेच चाललो.

नवापूरला समुद्र दिसण्याआधी वास आला. किनाऱ्यावर वलांड्या (बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव) उभ्या होत्या. मावशींनी आधी मला कोलंबीचे कालवण आणि तांदळाची भाकर वाढली, मग काय झाले ते विचारले. मी सगळे सांगितले. त्यांनी खाऱ्या माशांची पुडी बांधली, पण माझ्या हातात दिली नाही.

दुसऱ्या दिवशी माशांची पाटी घेऊन त्या बाबांच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

“दादा, त्या बाईच्या हाती पाठ देनार ना तुमी?”

“देनार.”

“मंग जीभ द्याया काय झालं?”

बाबांनी त्यांच्या पाटीतली पुडी उचलली. मग मला म्हणाले, “चूल पेटव.” त्या दिवसापासून मॅडमनी सांगितले तसे ते जेवले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दाराबाहेर होतो आणि मावशी पाटी शेजारणीकडे देऊन माझ्यासोबत बसल्या होत्या. मॅडम बाहेर आल्या. गाठ निघाली होती, प्रेशर मध्ये एकदा खाली आले पण सावरले. संध्याकाळी बाबांनी माझ्या हाताला धरून पाठ दाखवली. तीन छोट्या पट्ट्या. “एवढंच?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

काही दिवसांनी आम्ही एसटीने परत निघालो. विक्रमगडनंतर घाट लागला तेव्हा बाबा माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपले. त्यांच्यासाठी किती परक्या माणसांनी आपला वेळ खर्च केला, हे मी मनात आठवत होतो. आभार कसे मानतात ते मला नीट येत नाही. तिथे असताना कुणालाच म्हणू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो. पण गाठीच्या तपासणीचा अहवाल अजून यायचा होता आणि घरी पोहोचल्यावरही त्याबद्दल कुणी बोलत नव्हते.

फोन आला तेव्हा आम्ही तिघे पाड्यातल्या शाळेजवळच्या टेकाडावर होतो, कारण रेंज तिथेच येते. वॉर्डातल्या सिस्टर होत्या. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही, म्हणाल्या. मी मोठ्याने सांगितले. आईने माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला.

मग ती म्हणाली, “बाय, तुमी जेवल्या का?”