टाकीवरून कामाला

घरापासून वहिनींच्या कामाची जागा सायकलने आठ मिनिटांवर. वाटेत एक सिग्नल, एक शाळा आणि नदीवरचा बुटका पूल. चढ म्हणाल तर तो पूलच, आणि तोही नावापुरता. बावीस वर्षं वहिनी या रस्त्याने गेल्या-आल्या आणि त्यांच्या कपाळावर कधी घाम आला नाही. त्रेपन्नाव्या वर्षी मात्र त्यांनी हा सोपा रस्ता मुद्दाम अवघड करून घेतला. मी त्यांचा धाकटा दीर, त्यांच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. त्यामुळे हे सगळं मला अगदी जवळून बघायला मिळालं.

वहिनी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे घेऊन पाठवतात, त्यांत प्लास्टर ओतून जबडा तयार होतो, आणि त्या जबड्यावर मेणात एकेक दात बसवत जायचं. चार माणसं, एक लांब टेबल, प्रत्येकाच्या डोक्यावर वाकलेला एक दिवा, आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. गोल स्टुलावर नऊपासून पाचपर्यंत बैठक. हाताला तर अशी जाण की दात केसभर जरी तिरका बसला तरी डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो. रस्त्यात कुणी हसलं की वहिनी हळूच मला सांगत, "वरची माझी आहे. खालचे त्यांचे स्वतःचे."

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लांबच्या वीजकेंद्रात कामाला. पंधरा दिवसांनी येई, दोन दिवस राही. घरी वहिनी आणि आई. आईला चौऱ्याऐंशी पूर्ण झालेली, जीभ ठणठणीत, पण पायांनी साथ सोडलेली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, तिथून परत, हे सगळं वहिनींच्या हातून. मदतीला दोन बायका ठेवून पाहिल्या. पहिलीचे हात थंड होते, दुसरी फार बोलायची. आईने दोघींनाही आठवड्याच्या आत घालवलं. मी पुढे झालो तर म्हणायची, "तू मुलगा आहेस. दाराबाहेर थांब." आणि मी थांबायचो. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं.

एका सकाळी मी सातला नेहमीसारखा बाहेर पडलो. मी नकाशे काढण्याच्या कचेरीत आहे, चष्म्याशिवाय माझं पान हलत नाही, आणि तो चष्माच त्या दिवशी घरी राहिला. साडेआठच्या सुमाराला परत आलो. खालच्या मजल्यावर दार आतून बंद, आणि आतून बोलण्याचा आवाज. हाक मारली तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या खिडकीतून या."

आत गेलो. बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. आईच्या अंगावर मोठा टॉवेल, दोघींचे कपडे ओले. आईचे पाय दुमडले होते आणि तिला सावरता सावरता वहिनीही खाली घसरल्या होत्या. लागलं कुणालाच नव्हतं. पण वहिनींनी तीनदा जोर लावला तरी आईला उचलता आलं नव्हतं. फोन स्वयंपाकघरात. तो आणायला उठावं तर आई हात सोडेना. अशा सव्वा तास त्या बसल्या होत्या, आणि आईला भीती वाटू नये म्हणून वहिनी तिला कामावरच्या गमती सांगत होत्या.

मी आईला उचललं. उचलताना आईने डोळे घट्ट मिटून घेतले. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला नंतर दिसला. बावीस वर्षांत त्यांचा तसा हरलेला चेहरा मी पाहिला नव्हता.

त्या आठवड्यात कंबर धरली म्हणून वहिनी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हाडं विरळ व्हायला लागलीत, मांड्यांत जोर उरलेला नाही.

"व्यायाम काय करता?"

"रोज सायकल चालवते."

"किती?"

"आठ मिनिटं जायला, आठ यायला."

"दम लागतो?"

"नाही."

"मग तीही खुर्चीच झाली," डॉक्टर म्हणाले. "फक्त हिला चाकं आहेत."

हे वहिनींनी मला संध्याकाळी चहा पिताना सांगितलं. सांगताना हसल्या, पण बोलणं चांगलंच झोंबलं होतं. डॉक्टरांनी रोज तासभर व्यायामाच्या वर्गाला जायला सांगितलं होतं. आता तो तास आणायचा कुठून? सकाळ आईची, संध्याकाळ आईची, मधला दिवस स्टुलाचा.

"माझ्याकडे वेळ नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "रस्ता तेवढा आहे. तोच जरा जड करून घेते."

सायकलला तीन गिअर होते. वहिनींनी सर्वांत जड गिअर टाकला आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. चार दिवस पाय दुखले, मग सवय झाली. मग त्यांनी टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे चाक रस्त्याला धरून चालेल. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला सगळे 'स्पोक' म्हणतात; माणूस उंच, आणि अंगावर मांस म्हणून नाही. त्याने तो टायर पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, व्यायाम तुमचा आणि मरण माझ्या ट्यूबचं. असं नका करू. वजन वाढवायचंय ना? मागे काहीतरी लादा."

लादायला वहिनींकडे काय कमी होतं? कवळी तयार होऊन गेली की मागे प्लास्टरचे जबडे उरतात, पुष्कळांत पेशंटचे उरलेसुरले दातही उमटलेले. असे टाकायला काढलेले जबडे कामाच्या जागी पोत्यांनी पडलेले. वहिनींनी दोन कापडी पिशव्या शिवल्या, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवल्या आणि त्यांत जबडे भरले. मी वजन करून पाहिलं तर बारा किलो.

तेवढ्यावरही भागेना. आमच्या गल्लीमागे टेकडी आहे, तिच्यावर गावाची पाण्याची टाकी. रस्ता चार वळणं घेत वर जातो आणि पलीकडे उतरतो तो थेट वहिनींच्या कामाच्या जागेमागे. कामाला जायला आमच्याकडचं कुणी तो रस्ता धरत नाही, कारण आठ मिनिटांची पंचवीस होतात. वहिनी तिकडून जायला लागल्या.

पहिल्या दिवशी पहिल्या वळणालाच उतरल्या आणि सायकल ढकलत वर गेल्या. संध्याकाळी हे त्यांनी मला आपणहून सांगितलं. चढावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिव्याचे एकोणीस खांब आहेत. "आज तिसऱ्याला उतरले," "आज पाचव्याला," असा रोजचा निरोप. मलाही मग राहवेना. एका रविवारी मोजपट्टी आणि वही घेऊन मी टेकडीवर गेलो आणि चढाचा रीतसर नकाशा काढला, कुठे किती उभा आहे ते दाखवून. तो वहिनींनी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. दहाव्या ते बाराव्या खांबापर्यंतची रेघ सरळ आकाशात गेल्यासारखी दिसे. तिथे त्या तीन आठवडे अडकल्या.

आईला यातलं कारण कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटे, सून बारीक व्हायच्या मागे लागली आहे.

"या वयात कुणाला दाखवायचंय?" ती विचारी. पण संध्याकाळी वहिनी आत आल्या की पहिला प्रश्न तिचाच असे, "कितवा?"

तिसऱ्या महिन्यात एके सकाळी वहिनी एकोणिसाव्या खांबापर्यंत न उतरता पोचल्या. तिथे थांबून श्वास घ्यावा, तर तेही नाही. आनंदाच्या भरात त्यांनी सायकल तशीच पलीकडच्या उतारावर सोडली. मागे बारा किलो, ब्रेक जुने. दुसऱ्या वळणावर सायकल आवरेना आणि वहिनी आडव्या झाल्या. पिशव्या फाटल्या. जबडे उड्या मारत रस्ताभर पसरले.

खालून बस येत होती. ड्रायव्हरने ती थांबवली आणि खाली उतरून बघतो तर एक बाई रस्त्यावर पडलेल्या आणि चहूकडे दातच दात. बिचारा क्षणभर जागीच खिळला. मग वाकून म्हणाला, "बाई, यांतले तुमचे किती?"

वहिनी सांगतात की मनगटातून कळ येत होती तरी त्या पडल्या पडल्या हसत सुटल्या. बसमधली माणसं उतरली, त्यांनी जबडे गोळा केले, सायकल बसमध्ये चढवली आणि वहिनींना दवाखान्यात सोडलं. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. प्लास्टर हाताळण्यात जन्म गेलेल्या बाईच्या हाताला डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

दादा रजा टाकून आला. येताना वाटभर जे साठवलं होतं ते त्याने दारातच बोलून टाकलं. "आईला उचलायला हात लागतात. तेच मोडून घेतलेस."

बोलणं खरं होतं, म्हणून वहिनींना जास्त लागलं. दादाला तासाभरात आपली चूक उमगली, त्याने चहा करून आणला, पण वहिनींनी तो तसाच गार होऊ दिला. रात्रीचं जेवणही तोंडदेखलं झालं.

ते सहा आठवडे आईचं सगळं मी आणि दादाने केलं. आई रोज डोळे मिटायची. मीही मिटून घ्यायचो आणि एकदा दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. आई तेव्हा पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "एकाने तरी उघडे ठेवा रे." त्यानंतर आमच्या दोघांतलं ते अवघडलेपण पुष्कळ कमी झालं. मला याचं वाईट वाटतं की त्यासाठी वहिनींचं मनगट जावं लागलं.

वहिनींना दोन आठवडे कामावर जाता आलं नाही. तिसऱ्यात त्या एका हाताने तयार कवळ्या घासून पॉलिश करायला जाऊ लागल्या, आणि त्याही टेकडीवरून, पायी, हात गळ्यात अडकवून. दादा काही बोलायला गेला तर म्हणाल्या, "पाय मोडलेले नाहीत माझे."

प्लास्टर निघालं त्या दिवशी त्या स्पोककडे गेल्या. त्याने ब्रेक नवे बसवून ठेवले होते, पण पिशव्यांच्या कड्या काढून टाकल्या होत्या. "ओझं चढाला ठीक आहे, उतारावर ते वैरी आहे. पुन्हा लादणार असाल तर सायकल देत नाही."

वहिनींनी त्याचं ऐकलं. ओझं सुटलं. त्याऐवजी संध्याकाळीही त्या टेकडीवरूनच यायला लागल्या, आणि पलीकडची बाजू जास्त उभी आहे. वर जाताना दातओठ खाऊन, खाली येताना दोन्ही ब्रेक दाबून, गोगलगाईच्या चालीने. उतारावर पोरं त्यांना ओलांडून जात. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पुढे चारेक महिन्यांनी, एका संध्याकाळी, मी वर होतो आणि खालून धप्प असा आवाज आला. धावत गेलो. आई खुर्चीतून घसरून खाली बसली होती. वहिनी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. मी पुढे झालो तर त्यांनी हात वर केला. "थांबा, भाऊजी."

त्यांनी आईचे दोन्ही हात स्वतःच्या मानेभोवती घेतले, आपले हात तिच्या पाठीमागे गुंफले, आणि पाठ ताठ ठेवून उठायला लागल्या. हिसका नाही की घाई नाही. अर्ध्यावर त्यांच्या मांड्या थरथरल्या. मला वाटलं, आता दोघी जातात. पण त्या तशाच दोन श्वास थांबल्या आणि मग सरळ उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकून त्यांनी आईला पलंगावर बसवलं, उशी पाठीशी दिली आणि आपल्या पदरात रुतलेली तिची बोटं हळूच सोडवली.

आईने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"टाकीवर जातेस ती यासाठी होय?"

"छे हो आई," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "कंबर बारीक करायची आहे."

आईने वहिनींचा तो चीर गेलेला हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी आईने मला कचेरीत उशिरा जायला लावलं. माझ्या खिडकीतून टेकडी दिसते, तिला ती बघायची होती. मी तिला उचलून वर आणलं, खिडकीशी बसवलं. निळ्या कपड्यांतला एक ठिपका पहिल्या वळणावर दिसला, झाडांमागे गेला, पुन्हा दिसला. आई खांब मोजत होती. बाराव्याला तिने श्वास रोखून धरला. एकोणिसावा झाल्यावर म्हणाली, "आता हळू उतर गं बाई."

त्यानंतर आई वर्षभर होती. एका दुपारी आपल्या पलंगावर झोपेतच गेली. त्या वर्षात तिला एकदाही फरशीवर कुणाची वाट बघत बसावं लागलं नाही.

आई गेल्यावर काही दिवस वहिनी पुलावरच्या जुन्या रस्त्यानेच कामाला गेल्या. दादा म्हणाला, बरं झालं, आता हे थांबेल. पण एका सोमवारी मी खिडकीतून पाहिलं तर सायकल टाकीच्या दिशेला वळत होती. संध्याकाळी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आठ मिनिटांत पोचलं की दिवसभर स्टुलावर चुळबुळ होते. आणि आता सकाळ सगळी माझीच आहे. तिचं दुसरं करू काय?"

आज वहिनी छप्पन्नच्या आहेत. डॉक्टर म्हणतात, हाडं सुधारलीत असं नाही, पण तीन वर्षांत बिघडलीही नाहीत, आणि या वयात ही कमाई मोठी आहे. त्यांच्या टेबलावरच्या दोघीजणी आता टेकडीवरून येतात. रविवारी मीही सोबत जातो. माझी मजल सातव्या खांबापर्यंत. तिथे मी उतरतो आणि सायकल ढकलायला लागतो. वहिनी थांबत नाहीत, मागे वळूनही बघत नाहीत. मी वर पोचतो तेव्हा त्यांची सायकल टाकीच्या भिंतीला टेकलेली असते, श्वास केव्हाच जागेवर आलेला असतो, आणि त्या पाण्याची बाटली माझ्यापुढे धरून म्हणतात, "या. घाई नाही काही."