सरांचे म्हातारे उंदीर

"विद्यार्थिनी मी घेतो. उंदीर नाही," नवे गाइड म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप पुढे ओढला.

मी तेव्हा बंगळूरच्या एका विद्यापीठात अ‍ॅनिमल हाउस सांभाळत होतो. म्हणजे प्रयोगांसाठी पाळलेल्या प्राण्यांचा डॉक्टर. वैदेही नागपूरची, पीएच.डी. करणारी. रविवारी बनशंकरीला आमच्या घरी जेवायला यायची. तिचे गाइड हार्ट अटॅकने अचानक गेले होते. आमच्याकडे प्रत्येक पिंजरा गाइडच्या नावावर असतो. गाइड गेला की पिंजरे बेवारस.

तिचा विषय म्हातारपण. निम्म्या उंदरांना पोटभर खाणं, निम्म्यांना बेताचं. कोण जास्त जगतं ते बघायचं. ते आपल्या मरणाने मरेपर्यंत वाट बघणं, एवढाच प्रयोग. दोन वर्षं होत आली होती. उंदरांच्या हिशेबात ते सगळे आजोबा झाले होते.

"सर, स्वल्प थांबा," मी म्हणालो. "थोडेच महिने राहिलेत त्यांचे."

"डॉक्टर, परदेशातून माझे उंदीर निघालेत. त्यांना या म्हाताऱ्यांचा एखादा आजार लागला तर? ती खोली रिकामी करून धुऊनच घ्यावी लागेल. दुसरी खोली आहे तुमच्याकडे?"

नव्हती. माणूस वाईट नव्हता, त्याचाच जास्त राग येत होता.

वैदेही दाराबाहेर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, नाही म्हटलं तर?"

"दुसरं कुणी घ्यायला तयार नाही. नागपूरला परत जावं लागेल."

"मग हो म्हणून सांगा."

आमच्या धंद्यात मारणं म्हणत नाहीत, सॅक्रिफाइस म्हणतात. शब्द मोठा, काम तेच. पेटीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. मी तिला होस्टेलवर जा म्हणालो. ती गेली नाही. एकेकाला तळहातावर घेऊन तिनेच माझ्याकडे दिलं. पोटभर खाणारे सुस्तावले होते, बेताचं खाणारे अजून टुणटुणीत.

"हेच जिंकत होते, काका," ती म्हणाली. मला रडू आवरलं नाही. तिला आलंच नाही.

पुढे नव्या विषयावर तिला डिग्री मिळाली. पेढे घेऊन घरी आली, तेव्हा उंदरांचं नाव दोघांनीही काढलं नाही.

म्हातारपणावर काम करायला येणाऱ्या मुलांना मी नंतर एकच सांगत असे. विषय चांगला आहे, फक्त गाइड तरुण बघा. मुलांना तो विनोद वाटायचा.