उंब्रजहून आणलेले दाणे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्यालाही नाही. दत्ताला तर नाहीच — आणि आता दत्ताही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचताना माझ्या तोंडाकडे बघणार नाही.

दत्ता माझा धाकटा भाऊ. कोरेगावजवळ आमचं दीड एकर शेत. त्यात कधी रासायनिक खत पडलं नाही, औषध फवारलं गेलं नाही. शेणखत, निंबोळी, राख — आणि आईचा घेवडा. तांबूस दाण्यावर गडद रेषा असलेला वाघ्या घेवडा. पूर्वी तो आमच्याकडे घरोघरी असायचा, पण आईचा जरा वेगळा. दाण्याच्या डोळ्यापाशी येऊन रेषा तुटायची, लिहिताना कुणी मध्येच टाक उचलावा तशी. पीक उभं असतानाच आई निरोगी झाडं निवडून त्यांना चिंधी बांधायची. त्या शेंगा बियाण्याच्या, तोडायच्या नाहीत. आणि सगळं बी एका घरात ठेवायचं नाही, हाही तिचाच नियम. आईमागे झाडं निवडायचं काम माझ्याकडे आलं. सांगलीच्या शाळेत मी ग्रंथपाल होते. दरवर्षी त्यासाठी रजा काढून जायचे. निम्मं बी राखेत घोळवून, मडक्यात भरून माझ्या घरी असायचं.

मग वडील गेले. तेराव्याला भावकी बसली होती, आणि दत्ताने हक्कसोडीचा कागद पुढे केला. शेताचे तुकडे होऊ नयेत, पुढच्या पिढीला ते अखंड मिळावं — हे काय मला पटत नव्हतं? विचारलं असतं तर मी आनंदाने सही केली असती. थोरले चुलते म्हणालेही, "आरं, तिला इचार तरी."

दत्ता हसला. "अक्काला काय इचारायचं, तात्या? शेतातलं काय कळतंय तिला! पुस्तकातली वाळवी वळाखती ती."

भावकी हसली. मीही हसले — हे मला अजून सहन होत नाही. सही केली. भावजयीने हिरवी साडी दिली. सांगलीला येऊन मी त्या साडीच्या चिंध्या केल्या आणि त्या पावसाळ्यात घेवड्याला त्याच बांधल्या. दत्ताने ओळखलंही नाही.

चिंध्या बांधून परत आले आणि पाऊस बसला. उघडेचना. शेतातला घेवडा झाडावरच कुजला. इकडे कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं — आणि तिथेच थांबलं. मडकं आत, माळ्यावर, कोरडं ठणठणीत.

दत्ताचा फोन आला. "अक्का, हितलं समदं गेलं बघ. तुज्याकडचं मडकं हाय न्हवं?"

"वाहून गेलं," मी म्हणाले.

आधी ठरवलं होतं का? नाही. पण तोंडून निघालं तेव्हा गोड लागलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. तू हायस न्हवं? लय झालं."

पाणी ओसरल्यावर त्याने ओळखीच्या टेंपोवाल्याबरोबर ज्वारीचं पीठ पाठवलं. मी त्या पिठाच्या भाकरी केल्या, आणि मडक्यातलं बी भिजत घालून त्याची आमटी. महिनाभर, मडकं रिकामं होईपर्यंत. चवीने खाल्ली. शेतातलं काय कळतंय तिला — प्रत्येक घासाला हे वाक्य मनात म्हणत खाल्ली.

पण सांगायचं आहे ते हे नाही. इथपर्यंतचं कदाचित मी कुणाला सांगूही शकले असते.

दत्ता बी शोधत फिरला. बाकीच्यांनी केव्हाच दुकानातलं बियाणं धरलं होतं. तो बाजार फिरला, पाहुण्यांची गावं फिरला. कुठे काही सापडलं की दाणे खिशात घालून थेट सांगलीला यायचा. माझ्यापुढे मूठ उघडायचा — "ह्येच का गं?" खरोखरच ते नसायचं. मी नाही म्हणायचे.

एकदा तो उंब्रजहून आला. तिथल्या एका म्हातारीने गाडग्याच्या तळाशी राहिलेलं दिलं होतं. कधीतरी आईनेच तिला दिलेलं असणार. मूठभर दाणे. मी चष्मा लावला. डोळ्यापाशी प्रत्येक रेषा तुटलेली.

तेच होतं.

मी दाणे उन्हाकडे धरले. मुद्दाम वेळ घेतला. आणि म्हणाले, "मला शेतातलं काय कळतंय म्हणा. पण हे ते नाही."

त्याने वर पाहिलं. तेरावा त्याला आठवला — मला दिसलं ते. मान खाली घालून म्हणाला, "तू न्हाई म्हणतीस म्हंजी न्हाईच." दाणे माझ्याच ओट्यावर ठेवून गेला. मी ते दळणात टाकले.

पुढच्या वर्षी त्याने दुकानातलं बी पेरलं. त्यावर कीड पडली, म्हणून फवारणी आली. मग खत. मग निम्म्या रानात ऊस. ही एकेक बातमी कळली की मला बरं वाटायचं. हेच ना तुझं पुढच्यांसाठी राखलेलं शेत? वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

गेल्या दिवाळीआधी दत्ता गेला. शेत त्याने आधीच ऋतुजाच्या नावावर केलं होतं. त्याची एकुलती मुलगी. तिच्याकडून कसलीही सही घेतली नाही त्याने. तिने पुण्याची नोकरी सोडली, ऊस काढला, फवारा बंद केला. मध्यंतरी माझ्याकडे राहायला आली होती. म्हणाली, "आत्ती, गांडुळं परत दिसायला लागलीत गं. पण आज्जीचं बी कुठनं आणू? पप्पा म्हणायचे, ते ओळखणारं एकच माणूस हाय, आमची अक्का."

मी तिला दाणा कसा असायचा ते सांगितलं. रेषा कुठे तुटायची तेही. तिने वहीत चित्र काढून घेतलं.

दत्ता होता तोवर मडकं माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं असायचं. तो गेल्यावर खाली काढलं. आता त्यात तांदूळ असतात. ऋतुजाने भात टाकायला त्यातले तांदूळ घेतले आणि हात मडक्यावरून फिरवत म्हणाली, "आत्ती, हे जुनं दिसतंय. कुठलं गं?"

"बाजारातलं," मी म्हणाले.