हिरव्याला हिरवं, निळ्याला निळं

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या दादावर चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी खरी करून दाखवली. आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

दादा माझा थोरला भाऊ. रस्त्यांखालच्या केसाएवढ्या काचेच्या तारा जोडणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. गाडी मी चालवते. खड्ड्यात उतरायचं, टोक सोलायचं, पुसायचं, यंत्रात वितळवून जोडायचं. बारीक बघून बघून त्याची नजर अधू झाली, हात मात्र अजून स्थिर आहे.

विद्यापीठाच्या सरांनी प्रयोगशाळेपासून कोषागारापर्यंतची तार आमच्याकडून जोडून घेतली. प्रकाशकणांच्या जोड्या तयार करायच्या, एक कण इथे ठेवायचा, दुसरा तारेतून तिकडे पाठवायचा. त्या दोघांचं नातं इतकं नाजूक, की वाटेत कुणी चोरून कान लावला तर ते बिघडतं आणि चोर लगेच कळतो. हे सरांनीच समजावलं होतं.

पाहुण्यांना प्रयोग दाखवायला चार दिवस उरले आणि तिकडे कण पोचेनात. सरांनी खुर्चीतून न उठता निदान केलं, "जोड कच्चा आहे." दादाच्या कार्डावर लाल शाईने लिहिलं: सदोष काम. त्या कार्डाशिवाय खड्ड्याचं झाकणही उघडू देत नाहीत. चार दिवसांत दोष निघाला नाही तर कार्ड कायमचं रद्द होणार होतं.

तेवीस जोड आम्ही पुन्हा तपासले. एकही कच्चा नव्हता. मग दादाने विद्यापीठाच्या तळघरातल्या पेटीतून, तारेत उजेड सोडून दोष किती लांब आहे ते पडद्यावर रेघेने दाखवणारं मीटर लावलं. शहराकडची वाट स्वच्छ. वरच्या बाजूला मात्र चाळीस मीटर अंतरावर रेघेत दोषाचा उंचवटा दिसला, आणि चाळीस मीटरवर सरांचं टेबल होतं.

"दोष तुमच्या खोलीत आहे, सर," दादाने फोनवर सांगितलं.

"तुम्ही तुमचा खड्डा सांभाळा. चिखलाचे बूट इथे चालत नाहीत."

तारेतला चोर ऐकू येणाऱ्या माणसाला समोरचा माणूस ऐकू येत नव्हता! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही संन्याशाकडूनच दोर वळून घेऊन. दादा मीटर पुसायला लागला, म्हणून मी त्याच्यावरही ओरडले.

चौथ्या दिवशी पाहुणे येऊन बसले तरी पडदा कोराच. तेव्हा कुठे सरांनी वर बोलावलं. दादाने दारात बूट काढले, टेबलाशी वाकला आणि बोटांनी तारांची टोकं चाचपली. मग सरळ उभा राहिला.

"सापडलं. आधी कार्डावर खरं लिहा."

"ही वेळ आहे का?"

"लिहिताना वेळ बघितली नव्हती."

पाहुणे बघत होते. सरांनी लिहिलं. दादाने निळ्या खाचेत कोंबलेली हिरवी तार उपसली. हिरव्याचं टोक तिरकं, निळ्याचं सपाट. दिसायला बसतात, पण मध्ये फट राहते आणि उजेड तिथेच सांडतो. नवशिक्याला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो. त्याने योग्य तार लावली आणि पडद्यावर आकडे चढू लागले. टाळ्या सरांना मिळाल्या.

दादाने कार्ड माझ्या हातात दिलं. "वाच गं. मोठ्याने. चष्मा गाडीत राहिला."

टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. मग खणखणीत वाचलं, "जोड निर्दोष. चूक प्रयोगशाळेची."

चष्मा त्याच्या खिशातच होता.